शुश्रूषा आणि वेठ

'शुश्रूषा' हा शब्द आपण इतक्या सहजपणे योजतो की त्याचा मूळ अर्थ आपल्या ध्यानीमनीही नसतो. 'श्रु' म्हणजे ऐकणे. या धातूच्या इच्छार्थक रूपापासून हा शब्द सिद्ध झाला आहे. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरुजनांचे ऐकण्यास जो तत्पर, तो त्यांची सेवाही करतो. या वाटेने शब्दाला सेवेचा अर्थ आला आणि मराठीत तो मुख्यतः रुग्णाच्या खाटेपाशी स्थिरावला.

दुसरा शब्द परका. कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून 'रोबो' जगभर गेला. शब्द सुचवला तो त्याच्या भावाने, योसेफने. मूळ चेक शब्दाचा अर्थ सक्तीची चाकरी, म्हणजे आपली वेठ. तेलुगूत तिलाच 'वेट्टी' म्हणतात, आणि निजामी अमदानीतील 'वेट्टी चाकिरी' काय होती हे पाहण्यासाठी हैदराबादकराला शब्दकोश उघडावा लागत नाही.

रुग्णालयात यंत्रमानव आला तर परिचारिका त्याचा स्वीकार करतील काय, असा प्रश्न हल्ली विचारला जातो. मला वाटते, आधी दुसराच प्रश्न विचारावा: परिचारिकेच्या दिवसात शुश्रूषा किती आणि वेठ किती?

१८५३ साली लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील रुग्णालयाचा कारभार हाती घेताना फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी मजल्यामजल्यावर नळाने गरम पाणी, जेवण वर ओढून घेणारा पाळणा आणि कोणत्या रुग्णाने बोलावले हे दाखवणारी घंटा मागितली होती. या सोयी नसतील तर परिचारिका म्हणजे नुसती पायांची जोडी उरते, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. परिचर्येच्या आद्य आचार्यच यंत्रासाठी अडून बसल्या होत्या!

एप्रिल २०२० मध्ये एर्नाकुलमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 'कर्मी-बॉट' हे यंत्र करोनाच्या कक्षात जेवण व औषधे पोहोचवू लागले. त्याच वर्षी मुंबईत वरळीच्या पोदार रुग्णालयात 'गोलर' आला. संरक्षक पोशाखात घामाने निथळणाऱ्या परिचारिकेची एक फेरी जरी वाचली, तरी तिने अशा यंत्राला नाही का म्हणावे?

जपानचा अनुभव मात्र निराळा आहे. जेम्स राइट या मानवशास्त्रज्ञाने कानागावा प्रांतातील एका वृद्धसेवागृहात राहून केलेले निरीक्षण २०२३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. माणसाला उचलणारे 'हग' हे यंत्र तेथील सेवकांनी थोड्याच दिवसांत बाजूला ठेवले. ते खोलोखोली ढकलत न्यावे लागे आणि त्यातच वेळ जाई. सीलच्या पिलासारखे केसाळ 'पारो' एका वृद्धेला इतके जडले की त्याच्यावाचून ती जेवेना, झोपेना. म्हणजे सेवकांना आता रुग्णही सांभाळायचा आणि यंत्रही! वेठ हलकी करायला आलेले यंत्र नवी वेठ घेऊन आले.

गेल्या वर्षी शस्त्रक्रियेनंतर मी आठ दिवस येथील एका रुग्णालयात होतो. योगायोगाने माझी एक जुनी विद्यार्थिनी तेथे परिचारिका होती. रात्री माझा रक्तदाब मोजताना मी तिच्याजवळ हा विषय काढला. ती म्हणाली, "सर, औषधांची गाडी ओढणारं यंत्र उद्याच आणा. फक्त ते आलं म्हणून माझ्या जोडीची मुलगी कमी करू नका."

ही भीती अनाठायी नव्हे. जुलै २०२० मध्ये, महामारी भरात असताना, याच शहरातील गांधी रुग्णालयाच्या कंत्राटी परिचारिकांना वेतनासाठी आणि नोकरीच्या शाश्वतीसाठी आंदोलन करावे लागले होते. जिची स्वतःची नोकरी वर्षावर्षाच्या करारावर टांगलेली आहे, तिला यंत्र हा सोबती वाटावा की वारस? तिच्या मनातील संकोचाला आपण 'तंत्रज्ञानाचे अज्ञान' म्हणून मोकळे होतो, हे मला बरे वाटत नाही.

माझी विद्यार्थिनी निघता निघता दारात थांबली. "आणि सर," ती हसून म्हणाली, "ते लिफ्टपाशी अडकलं, तर ढकलायला कोण जाणार?"