विचारी सभासदाने काय वाचावे?

प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात बिरुया नगरातील लोकांविषयी एक गोष्ट नमूद आहे. पौलासारखा अधिकारी उपदेशक समोर असताही ते लोक त्याचे म्हणणे दररोज शास्त्र उघडून पडताळून पाहत. आणि शास्त्रलेखक हा त्यांचा उद्धटपणा न मानता थोरपणा मानतो. सातारा व सांगली या जिल्ह्यांतील ख्रिस्ती कुटुंबांनी, विशेषतः शब्बाथ पाळणाऱ्या अॅडव्हेंटिस्ट मंडळीच्या सभासदांनी, हा धडा गिरविणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

त्याचे कारण सांगतो. शनिवारी परीक्षा आली म्हणजे मुलगा विचारतो, "बाबा, आपणच का बसायचे नाही?" यावर "मंडळीचा नियम आहे" एवढेच उत्तर मिळाले, तर मुलगा आज ऐकेल, परंतु उद्या पुण्या-मुंबईस एकटा राहू लागला, म्हणजे ही उसनी श्रद्धा त्यास किती दिवस पुरणार? जे स्वतः वाचून व विचार करून पटले, तेच कसोटीच्या वेळी टिकते. म्हणून वाचनाचा एक क्रम येथे सुचवितो.

अग्रस्थान अर्थातच पवित्र शास्त्राचे. ते सुट्या वचनांनी न वाचता एकेक पुस्तक सलग वाचावे. शक्य तेथे बायबल सोसायटीचे भाषांतर व पंडिता रमाबाईंचे भाषांतर शेजारी ठेवावे. साध्या बायांनाही समजावे, या हेतूने रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून हे काम केले आणि 1922 साली आपला देह ठेवण्यापूर्वी ते तडीस नेले. दोन भाषांतरांत जेथे फरक दिसेल, तेथेच थांबून विचार करावा.

त्यानंतर आपल्या मंडळीचा इतिहास वाचावा, आणि तो निवडक गौरवाचा नसावा. विल्यम मिलर हा अमेरिकेतील एक शेतकरी. शास्त्र व शब्दसूची एवढीच साधने घेऊन तो वर्षानुवर्षे अभ्यास करीत राहिला. त्याच्या चळवळीने प्रभूच्या येण्याचा दिवस 22 ऑक्टोबर 1844 हा धरला. तो दिवस गेला, प्रभू आला नाही, आणि सहस्रावधी लोकांची घोर निराशा झाली. त्यांपैकी काहींनी शास्त्र पुन्हा उघडून आपले कोठे चुकले याचा शोध घेतला. त्यांतूनच 1863 साली सेव्हंथ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळीची रीतसर स्थापना झाली. हा इतिहास मुलांपासून लपवू नये. प्रामाणिक वाचकाचीही चूक होते, आणि ती पुन्हा वाचल्यानेच सुधारते, हे त्यावरून त्यांस कळेल.

एलेन व्हाइट यांच्या ग्रंथांपैकी 1892 सालचा 'स्टेप्स टु क्राइस्ट' हा लहान ग्रंथ नवशिक्याने प्रथम घ्यावा. मग 1898 सालचा ख्रिस्तचरित्रपर 'डिझायर ऑफ एजेस' घ्यावा. लेखिका स्वतः आपल्या लेखनास मोठ्या प्रकाशाकडे नेणारा लहान प्रकाश समजत असत, हे वाचकाने विसरू नये.

परंतु आपल्याच मंडळीच्या पुस्तकांवर थांबणे हितावह नाही. फादर स्टीफन्स यांचे 1616 साली छापलेले 'क्रिस्तपुराण' आणि बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र ही आपल्या भाषेतील वडिलार्जित ठेव आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर 1917 साली साताऱ्यासच 'देवाचा दरबार' उभा केला. आपण ख्रिस्तापाशी तुकोबांच्या पुलावरून आलो, असे ते म्हणत. तेव्हा तुकोबांची गाथाही ख्रिस्ती घरात परकी मानू नये. मिरजेस रुग्णालय उभारणारे डॉक्टर वॉनलेस यांनी आपल्या कार्याविषयी लिहिलेले पुस्तकही, आरोग्यास धर्माचे अंग मानणाऱ्या आपल्या लोकांनी अवश्य पाहावे.

या सर्वांत एकच पुस्तक निवडा म्हटल्यास आम्ही लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'कडे बोट दाखवू. पतीने 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो सुमारे पाच वर्षांनी, आपल्या मनाचे समाधान झाल्यावर घेतला. पती थोर होता, म्हणून तिने आपला विचार त्याच्या स्वाधीन केला नाही. या बाईंचे शालेय शिक्षण जवळजवळ नव्हते, ही गोष्ट 'आम्हांला वाचायला कोठे येते' असे म्हणणाऱ्या मातापित्यांनी ध्यानी घ्यावी.

वरील मंडळींपैकी बहुतेकांनी आपला शब्बाथ पाळला नाही. मग ते का वाचावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ज्याच्याशी मतभेद आहे त्याचे म्हणणे नीट ऐकल्यावाचून आपले मत आपल्यासही पुरते कळत नाही.

शेवटी एक सूचना. शुक्रवारी सूर्यास्तास शब्बाथ लागला म्हणजे घरातील सर्वांनी एकत्र बसून थोडे वाचावे आणि प्रत्येकाने एक प्रश्न वहीत टिपावा. मुलाच्या प्रश्नास उत्तर देता न आले, तर त्यास दटावू नये. तो प्रश्न शब्बाथशाळेत न्यावा व उत्तर मिळेपर्यंत मुलाबरोबर शोधावे. असे प्रश्न घरात मोकळेपणी विचारता आले, तर ते मनात दडून पुढे श्रद्धेस कीड लावणार नाहीत. आमचे विद्यार्थी व त्यांचे पालक या सुट्टीतच हा परिपाठ सुरू करतील, अशी आम्हांस उमेद आहे.