गाडी सुरू झाली, निघायचं का?

सोमवार, ७ सप्टेंबर २०२०. कोरोनामुळे बंद असलेल्या परजिल्ह्याच्या गाड्या तंजावरच्या नव्या बस स्टँडवर आज पुन्हा लागल्या आहेत. चेन्नईच्या गाडीचा कंडक्टर पायरीवरून हाका मारतोय, मास्कमुळे त्याचा आवाज पुरता पोचत नाही. मागच्या दारानं चढायचं, पुढच्या दारानं उतरायचं. दारातला माणूस कपाळासमोर यंत्र धरतो, ताप बघतो आणि आत सोडतो.

आत्या चढत नाही. बॅग पायाशी ठेवून ती गर्दीपासून लांब, खांबाजवळ उभी आहे. चेन्नईत तिच्या लेकीचे दिवस भरत आलेत, डॉक्टरांनी महिनाअखेरची तारीख दिलीय. राज्यातल्या राज्यात फिरायला १ तारखेपासून ई-पास लागत नाही. परवापरवापर्यंत ‘पास नाही’ म्हटलं की विषय संपायचा. आज निर्णय आमच्यावर येऊन पडलाय.

“मला ताप नाही गं,” ती म्हणते, “पण चार दिवसांनी येणार नाही कशावरून?”

खरा प्रश्न हाच. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला बहुधा पाच-सहा दिवस जातात, कधी चौदाही. शिवाय लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो. दारातलं यंत्र यातलं काहीच सांगत नाही. शेजारी एक बाई बाटलीतून कबसुर कुडिनीरचा काढा पिते आणि निर्धास्त होऊन गाडीत शिरते. काढा घ्यावा, पण त्याच्या भरवशावर प्रवास ठरवू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

आत्या सत्तरीला आलेली, त्यात मधुमेह. मी तिला पुन्हा बजावते: खिडकीजवळ बस, काच उघडी ठेव, वाटेत मास्क काढून खाऊ नकोस. ती मान हलवते आणि लेकीला फोन लावते.

“वरची खोली मोकळी झाली का? ... नाही, तुझ्या खोलीत मी निजणार नाही. मग मी येतच नाही.”

गाडी निघून जाते. आम्ही उभ्याच.

तिचा हट्ट मला पटतो. आजारी वाटसरूची सोय आधी बघून ठेवणं या गावाला नवं नाही. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०१ साली इंग्रजांना लिहिलेल्या पत्रात इथल्या छत्रांचा, म्हणजे धर्मशाळांचा, कारभार सांगितलाय. वाटसरू आजारी पडला तर बरा होईपर्यंत त्याला औषध आणि पथ्याचं जेवण मिळे. बाई तिथं बाळंत झाली तर खर्च छत्राचा, वर तीन महिने राहायची मुभा. रामेश्वरची वाट धरणाऱ्याला वाटेत कुणीतरी सांभाळेल एवढा आधार होता. राजे स्वतः १८२० साली काशीयात्रेला निघाले तेव्हा देशात पटकी फिरत होती. आज वाटेत ताप भरला तर कुठलं लॉज दार उघडेल? म्हणून पोचल्यावर वेगळी खोली आणि आजारी पडल्यास बघणारं माणूस ठरल्याशिवाय निघू नये, गाडी कितीही रिकामी असो.

फोन वाजतो. जावई आहे. गच्चीवरची खोली झाडून ठेवलीय, न्हाणीघर वेगळं आहे, जेवणाचा डबा जिन्यात ठेवतील.

“आणि मला ताप आला तर? कुठल्या दवाखान्यात न्याल? तिथं विचारलंत का?”

विचारलंय. ती त्याच्याकडून नाव दोनदा वदवून घेते. मग बोटांवर मोजते. आज निघाली तर वेगळ्या खोलीतले चौदा दिवस २१ तारखेला भरतात, पुढं बाळंतपणाला आठवडाभर उरतो. आणखी आठवडा थांबली तर तो उरत नाही. म्हणजे जायचं तर आजच.

पुढची गाडी लागते. आत्या मागच्या दारानं चढते, खिडकीशी बसते, काच सरकवते. मग पुढच्या बाकावरच्या माणसाच्या पाठीमागून खणखणीत तमिळमध्ये सांगते, मास्क नाकावर घ्या.