मंडळी आणि मुलूख – भाग ५ : शाळा आधी की उपदेश?

रॉयल गुल्ड वायल्डर हे अमेरिकन पाद्री १८५२ साली अहमदनगरचा गाशा गुंडाळून कोल्हापुरात आले. अंबाबाईचे गाव, पेठापेठांतून तालमी, डोळ्यांसमोर जोतिबाचा डोंगर आणि गादीवर छत्रपती. ज्या गावात पाद्र्याला पाणी देताना भांडे वरून धरायचे, त्या गावात त्याने कामाला सुरुवात कुठून करायची? वायल्डर यांनी शाळा काढल्या.

आज हे अगदी साहजिक वाटते. पण याच शाळांवरून पुढे असा वाद पेटला की त्याचे चटके कोल्हापूर ते बोस्टन बसले. मंडळी वाढवायची कशी, या प्रश्नावर हल्ली शिबिरे भरतात, पुस्तके निघतात, पाळकांना प्रशिक्षण दिले जाते. त्यातले बहुतेक मुद्दे पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या निमित्ताने मांडून झाले होते.

वायल्डर यांना पाठवणाऱ्या, बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थान आणि सिलोनच्या दौऱ्यावर आले. हिशेबी आणि करारी माणूस. त्यांचे म्हणणे सरळ होते. इंग्रजी शाळांवर मिशनचा पैसा पाण्यासारखा जातो. मुले इंग्रजी शिकतात आणि कचेरीत कारकून होतात. उपासनेला कोणी येत नाही. त्यापेक्षा लोकांच्या भाषेत उपदेश करावा, लहान लहान मंडळ्या उभ्या कराव्यात, त्यांच्यावर त्यांच्यातलाच पाळक नेमावा. मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण भागवावा, आपली सुवार्ता आपणच सांगावी. हे त्यांचे त्रिसूत्र. इंग्लंडात हेन्री व्हेन हेच सांगत होते आणि आजही जगभरातल्या चर्चच्या सभांत ते ऐकू येते. अँडरसन यांच्या दौऱ्याची कुऱ्हाड जाफन्याच्या नावाजलेल्या बट्टिकोटा सेमिनरीवरही पडली; १८५५ मध्ये ती बंद झाली.

वायल्डर यांना हे पटले नाही. प्रकृतीच्या कारणाने ते १८५७ मध्ये अमेरिकेला गेले, तेवढ्यात बोर्डाने कोल्हापूरच्या कामातून अंग काढून घेतले. १८६१ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातल्या मिशन शाळांवर एक जाडजूड ग्रंथच छापला आणि त्यात बोर्डाच्या धोरणाची उलटतपासणी केली. मग बोर्डाचा आधार सोडून, मित्रांनी दिलेल्या वर्गणीच्या भरवशावर ते कोल्हापुरात परतले. पुढे १८७०च्या सुमारास हे काम प्रेस्बिटेरियन मिशनच्या छत्राखाली आले, पण मधली दहाएक वर्षे कोल्हापूरचे मिशन म्हणजे जवळजवळ एका कुटुंबाचा संसार होता.

या भांडणात बरोबर कोण होते? दोघेही, पण निम्मे-निम्मे. परक्या पैशावर उभी राहिलेली मंडळी पैसा आटला की डळमळते, हे अँडरसन यांचे निदान पश्चिम महाराष्ट्रात पुढे अनेकदा खरे ठरले; मिशनची माणसे परत गेल्यावर इमारतींची डागडुजी कोणी करायची, हा प्रश्न आजही मंडळ्यांच्या सभांत निघतो. पण ज्या गावात घराचा उंबरा ओलांडता येत नाही, तिथे उपदेश करायचा कोणाला, याचे उत्तर बोस्टनमध्ये बसून सापडत नव्हते. पोरगे शाळेत आले की कधीतरी बाप येतो. आई येत नाही, पण पाटीवर काय लिहिले ते पोराला विचारते.

वायल्डर यांच्या हिंदुस्थानातल्या कामाचा जो ताळेबंद त्यांच्या चरित्रनोंदींत मिळतो, तो पाहण्यासारखा आहे. तीन हजारांवर गावांत उपदेश, तीस लाखांवर छापील पाने वाटली, शाळांत ३,३०० विद्यार्थी आणि त्यांत ३०० मुली. शिवाय मत्तय, मार्क आणि लूक या शुभवर्तमानांवर मराठीत भाष्ये. शाळांच्या आकड्यांत अकरा विद्यार्थ्यांमागे एक मुलगी. आजच्या डोळ्यांना हे प्रमाण दरिद्री वाटेल, पण तो काळ आठवावा. वायल्डर ज्या अमेरिकन मिशनमधून आले, त्याच मिशनच्या सिंथिया फरार यांची मुलींची शाळा अहमदनगरला होती. जोतीराव फुले यांनी ती पाहिली होती आणि सावित्रीबाईंनी तिथे अध्यापनाचे धडे घेतले. स्वतः जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. या दांपत्याने बाप्तिस्मा घेतला नाही. मिशनच्या वहीत ही माणसे कोणत्या रकान्यात घालायची? अँडरसन यांच्या हिशेबात त्यांना जागाच नव्हती.

आणखी एक गंमत. वायल्डर यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांचे शिबिर भरले, तेव्हा परदेशी सेवेला जायला शंभर तरुण तयार झाले; त्यांना तयार करण्यात या रॉबर्टचा मोठा वाटा होता. त्यातून स्टुडंट व्हॉलंटिअर चळवळ उभी राहिली आणि हजारो तरुण जगभर गेले. अमेरिकेने कोल्हापूरला मिशनरी दिला, हे सगळे सांगतात. कोल्हापूरने अमेरिकेला त्याची परतफेड केली, हे फारसे कोणी सांगत नाही.

शाळेनंतर दवाखाना. इथे गोष्ट कोल्हापूरहून मिरजेला जाते आणि ती रेल्वेने जाते, हे महत्त्वाचे आहे. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. १८८९ मध्ये हिंदुस्थानात आलेले याच प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस आधी सांगलीत होते. तिथून ते मिरजेला आले आणि १८९४ मध्ये तिथे त्यांचे रुग्णालय उभे राहिले. जंक्शनवर रुग्णालय म्हणजे पुण्याकडचा, कर्नाटकातला, कोल्हापूरकडचा रुग्ण गाडीतून उतरला की दारात. पुढे तिथेच वैद्यकीय शिक्षण सुरू झाले, कुष्ठरोग्यांची सोय झाली, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले. त्या आरोग्यधामाच्या परिसराला लोकांनी वानलेसवाडी म्हटले. एखाद्या परक्या डॉक्टरच्या नावापुढे गावाने ‘वाडी’ लावणे, याहून मोठे प्रशस्तिपत्र या मुलखात मिळत नाही. ब्रिटिश सरकारने १९२८ मध्ये ‘सर’ ही पदवी दिली ती वेगळी.

दवाखान्याचे गणित शाळेहून वेगळे असते. शाळेत एक पोर येते. दवाखान्यात एका रुग्णाबरोबर चौघे. बायको, भाऊ, म्हातारी आई आणि गावचा एक जाणता. ऑपरेशन झाले की पंधरा दिवस सगळ्यांचा मुक्काम, आवारात तीन दगडांची चूल, आणि संध्याकाळी व्हरांड्यात प्रार्थना चालली की कानावर पडतेच. मोतीबिंदू काढलेला म्हातारा गावी परतला की तो जिथे बसेल तिथे सभा. जाहिरात म्हणून याला तोड नाही. पण खाचही इथेच आहे. रुग्ण बरा होतो, घरी जातो, पाद्र्याला दुवा देतो आणि पुढच्या पौर्णिमेला जोतिबाला जातो. मिरज हे वैद्यकीय गाव झाले, ख्रिस्ती गाव झाले नाही. त्यात कोणाला अपयश दिसेल. प्रस्तुत लेखकाला दिसत नाही.

मग मंडळी वाढली ती कशाने? कोल्हापूर, कोडोली, इस्लामपूर, निपाणी, वेंगुर्ले अशी ठाणी पडत गेली, तशी ग्रामीण भागातली वाढ मुख्यतः नात्यागोत्यातून झाली. एका घराने निर्णय घेतला की सोयरिकीच्या घरांत चर्चा, मग दुसरे घर. हा अनुभव एकट्या कोल्हापूरचा नव्हे. १९३३ मध्ये जे. वॉस्कम पिकेट यांनी हिंदुस्थानातल्या अशा सामुदायिक धर्मांतरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून प्रेरणा घेऊन डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी १९५५ मध्ये ‘द ब्रिजेस ऑफ गॉड’ लिहिले. दमोहला जन्मलेल्या आणि मध्य प्रांतात हयात घालवलेल्या या मिशनऱ्याने पुढे कॅलिफोर्नियात ‘चर्च ग्रोथ’ नावाचे शास्त्रच उभे केले. आज अमेरिकेतली मोठमोठी चर्चे ज्या शास्त्राचा हवाला देतात, त्याचे मूळ आपल्या शेजारच्या खेड्यांत आहे.

मॅकगॅव्हरन यांचे सूत्र असे की माणूस आपल्या जातभाईंना, नातलगांना न सोडता येऊ शकला, तर लवकर येतो. निरीक्षण म्हणून ते अचूक आहे. धोरण म्हणून भलतेच निसरडे. कारण मग ज्या जातीचे लोक आधी आले, त्यांचेच चर्च होते. दुसरा दारात येऊन थबकतो. महाराष्ट्रात बाप्तिस्म्याची वही आणि सोयरिकीची वही पिढ्यान् पिढ्या वेगळी राहिली, हे कुठल्याही जुन्या मंडळीतला वडीलधारा, जरा विश्वासात घेतले तर, सांगतो.

यात कायद्याचा एक पेच आहे आणि तो टाळून मंडळीच्या वाढीवर लिहिणे म्हणजे अर्धे लिहिणे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे लाभ हिंदूंपुरते ठेवले. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. बाप्तिस्मा घेतला की सवलत जाते. शिवाय १९५६ मध्ये बाबासाहेबांनी बौद्ध धम्माचा मार्ग दाखवल्यावर, मिशनचे ऐकणारी बरीचशी वस्ती तिकडे वळली आणि ते स्वाभाविक होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहून किंचित कमी भरले. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. म्हणून कोणतेही काम ‘याच्या बदल्यात ते’ या वासाचे असता कामा नये. कायद्याची भीती हे त्याचे एक कारण झाले. असल्या मदतीतून आलेला माणूस मदत संपताच जातो, हे दुसरे, आणि अँडरसन यांनी ते फार आधी ओळखले होते.

एवढे सामान पाठीशी घेऊन आजच्या कोल्हापुरात काय करता येईल? न्यू शाहूपुरीत वायल्डर यांच्या नावाचे चर्च उभे आहे. एस्तेर पॅटन हायस्कूल, मेरी वॉन्लेस हॉस्पिटल ही नावे रिक्षावाल्याला पत्ता न सांगता कळतात. पण आता शाळा आणि दवाखाने गल्लोगल्ली झाले. वायल्डर यांनी जी गरज पाहिली, ती दुसऱ्यांनी भागवली. तेव्हा नवी गरज कोणती, एवढेच शोधायचे उरते, आणि त्याला शास्त्र लागत नाही, संध्याकाळी फेरफटका पुरतो.

स्पर्धा परीक्षेची मुले पहा. खेड्यातून आलेली, कॉट बेसिसवर राहणारी, अभ्यासिकेला महिन्याचे पैसे मोजणारी. चर्चचा हॉल सोमवार ते शनिवार कुलूपबंद असतो. पंखे, दिवे, टेबले आणि स्वच्छ पाणी एवढे दिले, तर ती अभ्यासिका होते. शाहू महाराजांच्या काळात याच गावाने जातीजातींची बोर्डिंगे काढून दाखवली. १९०८ चे मिस क्लार्क बोर्डिंग तर अस्पृश्य मुलांसाठी होते. ही कल्पना कोल्हापूरला नवी नाही. नियम मात्र एकच ठेवावा, कोणाचीही जात किंवा धर्म विचारू नये.

दुसरे पुराचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने गावाला दाखवून दिले की सुतारवाडा किंवा शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या माणसाला एका रात्रीत कुठे जायचे ते आधीच ठरलेले हवे. उंचावरच्या चर्चच्या हॉलमध्ये अंथरुणे कुठे, जनरेटर कोणाचा, चुलीचा गॅस कोण आणणार, याची यादी मे महिन्यातच करून महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापनाकडे द्यायला पैसा लागत नाही.

तिसरे गाण्याचे. गेल्या भागात नारायण वामन टिळकांच्या कीर्तनाविषयी वाचकांनी वाचले. ज्या गावात अल्लादिया खाँसाहेबांनी दरबारात गायले, त्या गावच्या मंडळीने टिळकांची भजने इंग्रजी चालींवर ओढत म्हणणे कानाला खुपते. पेटी-तबल्याचा वर्ग काढला, तर शेजारची मुलेही शिकायला येतील.

आणि वेळेचे. रविवारी सकाळी नऊची उपासना ही मिशनच्या काळापासून चालत आलेली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळीवर असलेल्या, किंवा साप्ताहिक सुट्टी रविवारी नसलेल्या तरुणाला ती कायमची हुकते. मंडळीच्या सभेत त्याच्या नावापुढे ‘येत नाही’ असा शेरा पडतो. त्याची ड्यूटी कधी सुटते, हे विचारायला एका संध्याकाळी मंडळीतले दोघे वडीलधारे त्याच्या खोलीवर गेले, तर बहुधा आठवड्याच्या मधल्या एखाद्या रात्री साडेआठची उपासना सुरू करावी लागेल. पाळकांना जेवायला उशीर होईल, तेवढे आहे.

(पुढील भागात : बायबलबाई आणि स्वयंपाकघराचे दार)