सायकल अंगाच्या मापाची हवी

सायकलींचे शहर ही पुण्याची जुनी ओळख. ती परत मिळावी म्हणून महानगरपालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. रस्ते सोयीचे होतील तेव्हा होतील. सायकल मात्र आजच अंगाच्या मापाची करता येते.

सीट फार खाली असल्यास गुडघा अधिक वाकतो व वाटीवर दाब येतो. फार वर असल्यास मांडीमागील स्नायू ताणले जातात. भिंतीच्या आधाराने सीटवर बसून, सर्वांत खाली असलेल्या पायडलवर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवल्यास गुडघा सुमारे २५ ते ३५ अंश वाकतो. तीच योग्य उंची. सीटचा दांडा त्यावरील खुणेपलीकडे वर काढू नये. हँडल धरताना कोपरे किंचित वाकलेली असावीत.

मुलांसाठी ‘वाढत्या अंगाची’ सायकल घेणे धोक्याचे असते. थांबताना पाय जमिनीला टेकले पाहिजेत, ब्रेक बोटांच्या आवाक्यात हवेत.

जुनी सायकल गरजूला देणाऱ्या दात्यांना आमची विनंती आहे, की ती घेणाऱ्याच्या मापाने बसवून द्यावी. त्यास एक पाना व थोडा वेळ पुरतो. एवढे करूनही गुडघा दुखत राहिल्यास तपासणी अवश्य करून घ्यावी.