हाडाला हाक मारणारी प्रथिनं

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात शाडूच्या मूर्तीचं बोट तुटलं, तर कारागीर ती जागा ओली करतो, नवी माती लावतो आणि बोट पुन्हा घडवतो. पण दाताभोवतीचं हाड झिजलं तर? तिथं कारागीर कुठून आणायचा?

ब्रश करताना हिरडीतून रक्त येतं आणि आपण खुशाल चूळ भरून मोकळे होतो! मुळाशी साचलेल्या जंतूंमुळे हिरडी सुजते. मोठेपणी ही सूज आत उतरते आणि दाताला धरून ठेवणारं हाड हळूहळू झिजतं. फारसं दुखत नाही. कळतं तेव्हा दात हलायला लागलेला असतो.

मोडलेला हात प्लास्टरमध्ये जुळतो. म्हणजे हाड बांधणारे कारागीर, अर्थात पेशी, आपल्या शरीरातच आहेत. त्यांना हाक कोण मारतं? १९६५ साली मार्शल युरिस्ट या अमेरिकन डॉक्टरांनी हाडातली खनिजं आम्लानं काढून टाकली आणि उरलेला भाग सशासारख्या प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. काय आश्चर्य! स्नायूत चक्क नवं हाड तयार झालं. ही करामत हाडातल्या प्रथिनांची होती. पेशींना ‘या, वाढा, कामाला लागा’ असा निरोप देणाऱ्या प्रथिनांना ‘ग्रोथ फॅक्टर’, म्हणजे वाढीचे घटक म्हणतात.

ती बनवतात कशी? रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांत टाक्यांमध्ये रसायनं बनतात, हे रोहेकर मुलांना ठाऊक असेलच. ही प्रथिनंही टाक्यांतच बनतात. पण इथले कामगार जिवंत असतात! पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये माणसाचं जनुक घातलं, की यीस्ट आपलं प्रथिन बनवू लागतं. हिरड्यांच्या उपचारासाठी अशा एका प्रथिनाला अमेरिकेत २००५ साली मान्यता मिळाली. डॉक्टर हिरडी उघडून मूळ स्वच्छ करतात आणि हाडातल्या खड्ड्यात प्रथिनात भिजवलेले खनिजाचे कण भरतात. मग पेशी त्या कणांच्या आधारानं नवं हाड बांधतात. आपल्याकडचे दंतवैद्य रुग्णाचंच थोडं रक्त यंत्रात गरगर फिरवून, वाढीचे घटक असलेला जेलीसारखा थर काढूनही वापरतात.

पण ही काही जादू नव्हे हं! खोल, अरुंद खड्डा बराचसा भरतो. सगळीकडून सपाट झिजलेलं हाड सहसा परत येत नाही. आणि तंबाखू सुटली नाही, तर उपचारही नीट लागू पडत नाही. तेव्हा घरात आजी मिश्री लावत असेल, तर तिला हे जरूर वाचून दाखवा. आणि तुमच्या हिरडीतून रक्त येत असेल, तर आजच घरी सांगा!