पूरक चित्राची चौकट

लोखंडी पेटीवर किंवा वर्गातील बाकावर नाव रंगवायचे असले की पूर्वी पत्र्याचा साचा वापरीत. पत्र्यात अक्षरांच्या आकाराची भोके कापलेली असत. साचा टेकवून कुंचला फिरविला की भोकांपुरता रंग खाली उतरे आणि उरलेला पत्रा अडवून धरी. संगणकाच्या पडद्यावर चित्र रेखाटताना असाच साचा उपयोगी पडतो. त्याला क्लिप मास्क म्हणतात. तो बिटमॅपच्या रूपात असला म्हणजे प्रत्येक चित्रबिंदूसाठी एक बिट असतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीत १ म्हणजे ‘येथे रंगवा’ आणि ० म्हणजे ‘येथे हात लावू नका’ असा संकेत आहे.

आता अक्षर कोरे ठेवून भोवतालची जागा रंगवावयाची असेल, तर पत्र्याचा साचा निरुपयोगी ठरतो. संगणकात मात्र प्रत्येक ० चा १ आणि १ चा ० केला की झाले. ही गरज वारंवार पडते. विंडोज प्रणालीच्या जुन्या पद्धतीच्या आयकॉनमध्ये मास्कचा संकेत नेमका उलटा आहे. तेथे १ म्हणजे मागचा पडदा दिसू द्या आणि ० म्हणजे चित्र उमटवा. एका प्रणालीतील मास्क न उलटविता दुसरीत नेला, तर चित्र लोपते आणि त्याच्या भोवतीचा रिकामा चौकोन तेवढा उमटतो.

क्रिया इतकी सोपी असूनही ती फसते, आणि फसते ती कडेला.

संगणक बिट सुटे ठेवीत नाही, आठ-आठांच्या बाइटमध्ये ठेवतो. चित्राची रुंदी १० बिंदू असेल, तर प्रत्येक ओळीला दोन बाइट, म्हणजे १६ बिट लागतात. शेवटचे सहा केवळ भरतीचे. विंडोजमध्ये ओळ ३२ बिटांच्या पटीत ठेवतात, तेव्हा भरतीचे बिट २२ होतात. सबंध बाइट उलटविले की भरतीतील शून्येही एक होतात. मग रंगलेले बिंदू मोजणारा किंवा ओळीला ओळ जोडणारा प्रोग्रॅम चित्रात नसलेले बिंदू खरे मानू लागतो. म्हणून उलटविल्यानंतर भरतीचे बिट पुन्हा शून्य करावे लागतात.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. ४०० रुंद व ३०० उंच खिडकीत १०० गुणिले १०० चा मास्क ठेवला आहे असे समजा. मास्क उलटविला म्हणजे त्यातील आकार सोडून सारी खिडकी रंगेल, अशी आपली अपेक्षा असते. तसे होत नाही. मास्कच्या कडेबाहेर काहीच रंगवायचे नाही, असा एक्सचा नियम आहे. मास्क सुलट असो वा उलट, बाहेरचे १,१०,००० बिंदू कोरेच राहतात. उपाय असा : प्रथम खिडकीएवढा, शून्यांनी भरलेला मास्क घ्यावा, त्यात मूळ आकार जागेवर बसवावा आणि मगच सारा मास्क उलटवावा.

ज्यांच्या स्मरणार्थ ही पुस्तिका निघते, त्या गुरुजींच्या वर्गात बसलेल्यांना येथे काही आठवेल. संचाचे गणित शिकविताना ते फळ्यावर आधी मोठा आयत काढीत आणि त्याच्या कोपऱ्यात विश्वसंच लिहीत. वर्तुळे नंतर. आयत न काढता पूरक संच लिहिणाऱ्याचा एक गुण कापला जाई. त्या वेळी आम्हांला तो निव्वळ काटेकोरपणा वाटे. पुढे पडद्यावर कोरी राहिलेली खिडकी पाहिली, तेव्हा त्या एका गुणाची किंमत समजली.

१८०६ साली मदुराईत जन्मलेले गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांचा नियमही या कामात रोज लागतो. दोन आकारांच्या बाहेरची जागा हवी असेल, तर दोन्ही मास्क जोडून उलटवावेत किंवा दोन्ही उलटवून त्यांचा सामाईक भाग घ्यावा. उत्तर एकच येते; मात्र दोन्ही मास्कची चौकट एकच असली पाहिजे. गुरुजींचा आयत तो हाच.