लिहिताना दिसते तेच वाचताना का दिसत नाही?

शाळेचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या शिक्षकांना पुढील प्रकार परिचयाचा असेल. विज्ञान प्रदर्शनाचे वृत्त आपण संपादनाच्या पडद्यावर नीटनेटके मांडतो. प्रसिद्ध केल्यावर मात्र शीर्षकाचा रंग वेगळा दिसतो, अक्षरांचे वळण बदलते, मात्रा-वेलांट्या वरच्या ओळीला टेकू लागतात. मजकूर तर तोच! मग फरक कोठे पडला? वर्डप्रेस या मुक्त प्रणालीचे उदाहरण घेऊन आपण हे समजून घेऊ.

वेबपानात आशय आणि रूप वेगवेगळे ठेवलेले असतात. 'हे शीर्षक, हा परिच्छेद' एवढेच एचटीएमएल सांगते. शीर्षकाचा रंग कोणता, दोन ओळींत अंतर किती, हे शैलीपत्रक ठरवते. शैलीपत्रकाची भाषा म्हणजे सीएसएस. होकोन व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये तिची कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली अधिकृत आवृत्ती आली. संकेतस्थळाची 'थीम' म्हणजे मुख्यतः अशी शैलीपत्रके आणि पानांचे साचे यांचा संच.

डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेसच्या ५.० या आवृत्तीत ठोकळ्यांचा संपादक आला. परिच्छेद, चित्र, तक्ता असा प्रत्येक घटक म्हणजे एक ठोकळा. लेखाचे अंतिम रूप लिहितानाच दिसावे, हा त्यामागचा एक हेतू. अडचण अशी की, संपादनाचा पडदा हेही एक वेबपानच असते. त्यावर आपला लेख असतो, तशीच संपादकाची स्वतःची बटणे आणि याद्याही असतात. 'सर्व बटणे लाल' असा थीमचा नियम तेथे जसाच्या तसा आणला, तर 'प्रसिद्ध करा' हे बटणही लाल होईल!

समजा, शाळेच्या फलकावर सूचना लागली : 'सर्वांनी पांढरा सदरा घालावा.' ती पालकांनाही लागू होईल. 'सातवीच्या वर्गातील सर्वांनी' असे लिहिले की प्रश्न सुटतो. वर्डप्रेसने प्रथम हेच केले. थीमने 'संपादकासाठी हे शैलीपत्रक वापरा' असे सांगितले, की वर्डप्रेस त्यातील प्रत्येक नियमाच्या आधी 'लेखाच्या चौकटीतील' अशा अर्थाची खूण जोडते. थीमने काहीच सांगितले नाही, तर सामान्यतः तिचे मुख्य शैलीपत्रक संपादकात पोहोचतच नाही. आपल्या कोड्याचे एक नेहमीचे उत्तर हेच.

या उपायात एक उणीव राहिली. 'रुंदी ६०० पिक्सेलपेक्षा कमी असेल तर अक्षरे लहान करा' असा नियम ब्राउझरच्या पूर्ण खिडकीची रुंदी मोजतो. बाजूच्या पट्ट्यांमुळे लेखाची जागा अरुंद झाली आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून पुढे लेखाचा भाग 'आयफ्रेम'मध्ये, म्हणजे पानाच्या आतील स्वतंत्र पानात, ठेवण्यात आला. तेथे रुंदीचे माप लेखाच्या जागेचेच असते आणि बाहेरची बटणे थीमच्या नियमांपासून सुरक्षित राहतात. जुलै २०२१ मध्ये (५.८) साचे बदलण्याच्या पडद्यासाठी ही सोय झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये (६.३) काही अटींवर ती लेख लिहिण्याच्या पडद्यालाही मिळाली. ५.८ पासूनच रंग, अक्षरमाप इत्यादी गोष्टी 'थीम.जेसन' या एकाच फाइलमध्ये नोंदवता येतात. वर्डप्रेस तिच्यावरून संपादक आणि प्रसिद्ध पान या दोन्हींसाठी नियम तयार करते. उगम एकच असल्याने तफावत कमी होते.

देवनागरीच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. आपल्या लिपीत खुणा शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या खालीही असतात. त्यामुळे ओळींतील अंतर पुरेसे लागते. संपादकात ते ऐसपैस दिसले, पण थीममध्ये कमी असले, तर वाचणाऱ्याची अडचण लिहिणाऱ्याला कळतच नाही.

विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग जरूर करून घ्या. संगणकावर एकच परिच्छेद संपादकात आणि प्रसिद्ध पानावर उघडा. त्यावर उजवी कळ दाबून ब्राउझरचे तपासणीचे साधन निवडा. फॉन्ट आणि ओळींतील अंतर यांचे नियम दोन्हीकडून वहीत उतरवा. जो नियम एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, तेथेच फरकाचे मूळ सापडण्याची शक्यता अधिक.